लाँगर म्हणजे लांब

वाडी, चंदगड
३ जुलै २०२५

बाईंना वाडीवरून नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि इकडचा टॉवर वाऱ्यानं आडवा झालाय. म्हणून दोघींनाही सोसेल असं कागदावर लिहिते. राजवीर तुमच्या वरच्या खोलीत राहून हॉटेलचा कोर्स शिकला, तेव्हा तुम्ही त्याला जेवू घालत होता का रागवत होता ते मला अजून कळलेलं नाही. पण त्याला मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली ती तुमच्या इंग्रजीवर. त्यामुळं इंग्रजीचंच विचारते.

कर्नाटकी बेंदराच्या आधी, जूनच्या सुरुवातीला, त्याचा फोन आला होता. मंगळूरच्या बाजूला आहे, पाऊस आहे, जेवलो, एवढंच बोलला. त्यानंतर काही नाही. त्याचा नंबरही लागत नाही. गोव्याच्या ज्या ऑफिसनं त्याला बोटीवर लावलं, त्यांना ग्रामपंचायतीच्या क्लार्ककडून मी मेसेज लिहून घेतला, 'माझा मुलगा कुठं आहे' म्हणून. काल बाजाराला चंदगडला गेले. स्टँडवर रेंज आली आणि उत्तर येऊन पडलं. आमच्या गाडीची कंडक्टर भैरवी शिकलेली आहे. तिनं वाचून दाखवलं आणि मराठी अक्षरांत उतरवून दिलं. 'राजवीर इज नो लाँगर विथ अस.' बाकी काही नाही, खाली सही.

आता मी काही अगदीच अडाणी नाही. एकदा तुमच्याकडं आले होते तेव्हा तुम्ही त्याच्याकडून 'लाँग, लाँगर, लाँगेस्ट' घोकून घेत होता. लाँग म्हणजे लांब. लाँगर म्हणजे आणखी लांब. नो म्हणजे नाही. विथ अस म्हणजे आपल्याबरोबर. म्हणजे राजवीर आता लांब नाही, आपल्याबरोबर आहे. येतोय की हो पोरगं!

सासूबाईंना, म्हणजे धोंडुबाईंना, सांगितलं तर त्यांच्या गुडघ्यांत वारं भरलं. मालक गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आमच्याकडं आनंद झाला तरी तो चुलीपाशीच होतो. त्यांनी काजूगर काढून ठेवलेत.

मी लावलेला अर्थ बरोबर आहे ना? दोन ओळी लिहा.

तुमची
क्रांती

&nbsp;

कळंबा, कोल्हापूर
७ जुलै

क्रांती,

पत्र मिळालं. कळंब्यात राहते म्हटलं की लोक विचारतात, 'तुरुंगाच्या आत की बाहेर?' गेले दोन दिवस पावसानं मला घरातच कोंडलंय, तेव्हा काय उत्तर द्यावं कळत नाही.

इंग्रजी भाषा निसरडी आहे. एकट्या वाक्यावर पाय ठेवू नये. त्या निरोपाच्या वर-खाली आणखी काही लिहिलंय का, ते भैरवीला पुन्हा नीट बघायला सांग आणि मला कळव.

'नो लाँगर' कसं वापरतात ते सांगते. जे आधी होतं आणि आता नाही, त्याला ते लावतात. 'आय नो लाँगर टीच' म्हणजे मी पूर्वी शिकवत होते, आता शिकवत नाही. 'द मिल्कमन नो लाँगर कम्स' म्हणजे दूधवाला यायचा, आता येत नाही. काल आणि आज यांच्यामध्ये उभी असलेली ही दोन पदं आहेत. तुला जमलं तर तूही दोन-चार वाक्यं करून पाठव. डोकं कामात राहील.

गावात इतक्यात काही बोलू नकोस. सासूबाईंनाही फार आशेला लावू नकोस, वय झालंय त्यांचं. बोटींच्या वेळा पुढं-मागं होतात.

जेवणखाण वेळेवर करत जा.

प्रमोदिनी

&nbsp;

कळंबा
७ जुलै

दादा,

हे कुरिअरनं पाठवतेय. मडगावला तुझ्या हातात पडल्याबरोबर वाच आणि वास्कोला जा. ऑफिसचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

माझ्याकडं राहायचा तो राजवीर तुला आठवत असेल. दिवाळीत तुला सोलकढी करून घातली होती आणि तू तिसरी वाटी मागितली होतीस. त्याच्या आईला ऑफिसचा निरोप आलाय, 'राजवीर इज नो लाँगर विथ अस.' दादा, ऑफिसातून कुणी नोकरी सोडून गेला तरी असंच लिहितात. आणि कुणी मेलं, तरी सभ्य माणसं असंच लिहितात. मी त्यांना ई-मेल करून स्पष्ट विचारलं. उत्तरात तेच वाक्य परत आलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

आणि तिनं त्याचा अर्थ 'आता लांब नाही' असा लावलाय. घरात काजूगर काढून ठेवलेत म्हणे.

गेल्या महिन्यातल्या रद्दीत एक बातमी सापडली. गोवा ते मंगळूर किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रात मालवाहू बोटीवरचा स्वयंपाकघरातला मदतनीस पाण्यात पडून बेपत्ता. नाव नाही. तो कागद मी देवघरात देवाच्या पाटाखाली सारून ठेवलाय. का, ते मलाच माहीत नाही. डोळ्यांसमोर नको आणि टाकवतही नाही.

तिला पत्रात मी दूधवाल्याचं उदाहरण दिलं. दूधवाल्याचं! मला भीती वाटतेय दादा, फार भीती वाटतेय. जा लवकर.

प्रमू

&nbsp;

वाडी
१२ जुलै

बाईंना नमस्कार.

निरोपात वर-खाली आणखी काही नाही. भैरवीनं पुन्हा बघितलं.

वाक्यं केली आहेत, हसू नका. 'चंदगड इज नो लाँगर.' 'बाजार इज नो लाँगर विथ एस.टी.' म्हणजे एस.टी. असली की बाजार लांब नाही. 'राजवीर इज नो लाँगर' हे तर पाठच आहे.

गावात मी बोलले नाही, पण सासूबाईंचं तोंड कोण धरणार? 'समुद्राचं खारं खाऊन आलंय पोरगं, त्याला गोडाचं घालाय पायजे,' म्हणून शेजारी गणपतरावांच्या घरून गूळ आणला. गाडीचा हॉर्न वळणावर वाजला की इरलं डोक्यावर घेऊन फाट्यावर जाऊन बसतात. गाडी रिकामी झाली की भैरवीला विचारतात, 'मागं कोण ऱ्हायलं न्हाय न्हवं?' ती म्हणते, 'न्हाय आजी.' मग परत येतात आणि मला म्हणतात, 'आजची गाडी त्याची न्हवती.'

लावणी चालू आहे. माझा पाय चिखलात असतो आणि कान रस्त्याला.

एक विचारू का? तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अर्थ बरोबर आहे का म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही 'हो' लिहिलेलं नाही. 'नाही' पण लिहिलेलं नाही. राजवीरचा एक शब्द चुकला तर खोली डोक्यावर घेणाऱ्या तुम्ही, आणि माझं सगळं वाक्य तसंच कसं सोडलं?

क्रांती

&nbsp;

मडगाव
१५ जुलै

प्रमू,

वास्कोला जाऊन आलो. ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची खोली, तिला कुलूप. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं की पावसाळ्यात बोटी कमी, तेव्हा हे लोक उगवतात आणि मावळतात. खालच्या पानवाल्याकडून एका माणसाचा नंबर मिळाला. त्यानं राजवीरचं नाव ऐकलं आणि म्हणाला, 'तो विषय आमच्याकडून संपला आहे.' एवढं बोलून फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

आता जे लिहितोय ते बसून वाच. तू लिहिलेल्या बातमीतल्या बोटीवर याच ऑफिसनं माणसं लावली होती. चहावाल्याला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हा पोलीस येऊन गेले होते. बोटीच्या स्वयंपाकघरात दोघं होते. त्यातला एक गेला. कुठला, ते त्याला माहीत नाही. बंदराच्या पोलिसांकडं गेलो तर ते म्हणाले, घटना कर्नाटकच्या हद्दीतली, तिकडं विचारा, आणि नातेवाईक असाल तर कागद घेऊन या.

नातेवाईक ती आहे. तू नाहीस आणि मीही नाही. तिला लिही. आता दडवून ठेवणं चांगलं नव्हे.

अंबादास

&nbsp;

कळंबा
१८ जुलै

क्रांती,

हे पत्र एकटी असताना वाच.

तुझा अर्थ चूक आहे. 'लाँग' म्हणजे लांब, हे अंतराला. वेळेलाही तोच शब्द लागतो. 'नो लाँगर' म्हणजे 'यापुढं नाही', 'आता नाही.' राजवीर आता आमच्याबरोबर नाही, असं त्यांनी लिहिलंय. यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्यानं ती नोकरी सोडली. दुसरी मला लिहवत नाही, पण लिहिते. इंग्रजीत गेलेल्या माणसाबद्दलही हेच म्हणतात.

माझे दादा वास्कोला जाऊन आले. त्याच्या बोटीवर अपघात झाला होता. स्वयंपाकघरातल्या दोघांपैकी एक जण समुद्रात पडला. तो कोण, ते आम्हाला समजलेलं नाही. त्या वाक्याचा खरा अर्थ तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवा होता. माझा हात झाला नाही. तू आनंदात होतीस, आणि तो मोडणारी मी होऊ नये असं मला वाटलं.

मी देवाचं फारसं काही करत नाही, तुला माहीत आहे. रोज सकाळी आता त्या दोघांपैकी दुसरा राजवीर असावा म्हणून हात जोडते. मग लगेच आठवतं, की पहिलाही कुणाच्या तरी पोटचा असणार. आणि तरीही तेच मागते.

राजवीरबरोबर माझ्याकडं मोहित म्हणून एक मुलगा राहायचा. तो आता कबनूरला त्याच्या मामांच्या यंत्रमागावर आहे. राजवीर कुणाशी बोलला असेल तर त्याच्याशीच. मोहित मेसेजला उत्तर देत नाही. पुढच्या आठवड्यात मीच जाते.

तुझी
प्रमोदिनी

&nbsp;

वाडी
२१ जुलै

बाई,

मला माहीत होतं.

स्टँडवर भैरवीनं तो निरोप वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी म्हटलं, 'काय म्हणतंय गं?' ती म्हणाली, 'क्रांतीवैनी, माझं इंग्रजी कच्चं हाय. कुणाला तरी चांगलं विचारा.' मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो गाडी सुटेपर्यंत काढलाच नाही. इंग्रजी कच्चं असलेली बाई असा हात ठेवत नाही.

घरी आले तर सासूबाई दारातच. 'काय आलं?' तोंडातून निघून गेलं, 'लांब न्हाय म्हणत्यात.' लाँग, लाँगर तेवढं येत होतं, त्याचाच अर्थ केला. मग तोच मला खरा वाटायला लागला. वाटलं, बाईंना लिहावं. बाई शिकवणाऱ्या. त्यांनी 'बरोबर' म्हणून खूण केली, तर ते बरोबरच होईल. तुमच्या पत्रात ती खूण नव्हती. तरी मी वाक्यं करत बसले.

सासूबाईंना अजून बोललेले नाही. त्या फाट्यावर जातात. मी त्यांना अडवत नाही, कारण त्या गेल्या की मला घरात रडायला मिळतं.

कबनूरला जे कळेल ते काहीही असलं तरी लिहा. दूधवाला नको.

क्रांती

&nbsp;

कबनूर
२४ जुलै

क्रांती,

जिवंत आहे. तुझा राजवीर जिवंत आहे. आधी हे दोनदा वाच आणि मग खाली ये.

टपालाला देत नाही. कोल्हापूर स्टँडवर जाऊन चंदगडच्या गाडीत देईन, भैरवीच्या हाती पोचवा म्हणून.

मोहितच्या मामांची शेड शोधत मी आज इथं आले. आत मागांचा असा खडखडाट, की सगळे माझ्याइतकेच बहिरे. जो तो ओरडतोय नाहीतर हातानं बोलतोय. मला प्रथमच घरच्यासारखं वाटलं. मोहित मला बघून दचकला. 'काकू, तुमी हितं कशाला आलासा?' मी त्याच्यापुढं ऑफिसचं वाक्य धरलं आणि ओरडून विचारलं, 'मला खरं सांग, गेला का रे तो?' तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला. 'मेला? कोण म्हणलं? काकू, त्यो मागं कांड्या भरतोय!'

शेडच्या मागच्या अंगाला कांडीवर सूत भरायची मशीन आहे. तिथं बसला होता. वाळलाय. दाढी वाढलीय. मला बघून उठला नाही, गुडघ्यांत तोंड घातलं. मी काय केलं विचारू नकोस. आधी एक चापट मारली आणि मग त्याला पोटाशी धरलं, का त्याच्या उलट, मला आठवत नाही.

तो बोलला ते असं. वादळात त्याच्याबरोबरचा केरळचा मुलगा मागच्या कठड्यापाशी घसरला. राजवीरनं त्याचा हात धरला होता. 'काकू, त्याचा हात माझ्या हातात हुता. वला हात, सटाकला.' मंगळूरला बोट लागली तेव्हा हा उतरला आणि परत चढला नाही. ऑफिसला कळवलं नाही, सिमकार्ड काढून टाकलं. त्यांच्या दृष्टीनं तो 'नो लाँगर विथ अस.' घरी का आला नाहीस, विचारलं. म्हणाला, 'गावानं बांधलेला फेटा घालून गेलतो. आता कंच्या तोंडानं जाऊ?' पण तेवढंच नाही. पाण्याला भितोय तो, क्रांती. बादलीत हात घालत नाही. मोहित त्याला तांब्यानं पाणी ओतून आंघोळ घालतो. चंदगडची वाट म्हणजे या दिवसांत नदी, ओढे, नुसतं पाणी. मी कितीही सांगितलं तरी 'येतो' म्हणत नाही. तुला कळवू नका म्हणाला. ते मी ऐकलेलं नाही.

तू ये. माझ्यानं तो हलणार नाही.

आणि तुझ्या वाक्याचं. परीक्षेत मी त्याला शून्य दिलं असतं. पण तू 'लांब नाही' लिहिलंस तेव्हा तो इथं कबनूरला होता, आपल्याच जिल्ह्यात. मी जन्मभर शिकवलेला अर्थ तुला धड सांगू शकले नाही आणि तुझा चुकलेला अर्थ खरा निघाला. आता एकदा बरोबर वाक्य करून पाठव.

प्रमोदिनी

&nbsp;

वाडी
२ ऑगस्ट

बाईंना नमस्कार.

आलो घरी. दोघंही.

सासूबाईंना निघताना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, 'मी रोज जात हुते ती काय येडी म्हणून? जा, घिऊन ये.'

कबनूरात त्याच्याशेजारी मी नुसती बसले. येतोस का म्हणून विचारलं नाही. कांड्या संपत होत्या त्या त्याच्या हातात देत राहिले. दुपारी तो म्हणाला, 'आई, भाताची लावणी झाली का?' मी म्हटलं, 'ऱ्हायलीया थोडी.' मग बऱ्याच वेळानं उठून त्यानं पिशवी भरली.

तुम्ही बरोबर वाक्य मागितलं होतं. 'आय अ‍ॅम नो लाँगर अफ्रेड' असं लिहिलं होतं. भैरवीनं शब्द सांगितला. मग खोडलं. खोटं वाक्य तुम्ही बरोबर धरणार नाही. मला भीती वाटते बाई. तो पागोळ्यांखालून जाताना हात छातीशी घेतो. झोपला तरी मूठ आवळलेली असते. ती सुटेपर्यंत मी हे वाक्य लिहिणार नाही. सुटली की आधी तुम्हाला पाठवीन.

भैरवीनं त्या दिवशी कोल्हापूरच्या गाडीवर ड्यूटी मागून घेतली होती. तिनं आम्हाला मधल्या बाकावर बसवलं आणि खिडकीची काच ओढून घेतली. गडहिंग्लजच्या पुढं नदी पार पुलाला टेकलेली. गाडी हळू झाली. आवाज ऐकल्याबरोबर त्यानं डोळे मिटले आणि माझा हात धरला, असा धरला की बांगडी रुतली. मी काढून घेतला नाही. पूल काही संपेना. डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं विचारलं, 'आई, अजून किती लांब हाय?'

मी म्हटलं, 'लांब न्हाय रं आता.'

तुमची
क्रांती